मूल कुणाचे? एकत्र कुटुंब आणि आयकराचा हिशेब

जानेवारी उजाडला की नोकरदारांच्या घरात कागदांची शोधाशोध सुरू होते. कचेरीतून निरोप आलेला असतो : कर वाचवण्यासाठी जे काही दाखवायचे असेल त्याचे पुरावे अमुक तारखेपर्यंत द्या, नाहीतर फेब्रुवारी-मार्चच्या पगारातून कर कापला जाईल. मग कपाटातून विम्याच्या पावत्या निघतात, भविष्य निर्वाह निधीचे उतारे निघतात आणि मुलांच्या शाळेच्या फीच्या पावत्याही निघतात. या शेवटच्या पावतीवर नाव असते ते मुलाचे. पैसे कुणी भरले हे त्यावर बहुधा लिहिलेले नसते. फी भरणारा हा मुलाचा बाप किंवा आई असणार, असे शाळाही गृहीत धरते आणि कायदाही.

हे गृहीतक वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या घरांना लावून पाहावे. वसई-विरार महानगरपालिका २००९ साली झाली, पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला, २०११च्या जनगणनेतच शहराची वस्ती सुमारे १२ लाखांवर गेली होती. तरीही रेल्वेच्या रुळांपासून समुद्राकडे निघाले की निर्मळ, गास, भुईगाव, वाघोली, नंदाखाल, आगाशी या गावांत एका वाडीत, एका विहिरीवर आणि पुष्कळदा एका चुलीवर तीन पिढ्या नांदताना दिसतात. असे एक घर डोळ्यांसमोर आणू. नावे नकोत, नाती पुरेत.

आजोबा निवृत्तिवेतनावर आहेत. शिवाय केळी आणि फुलांची थोडी वाडी आहे. थोरला मुलगा रोज विरार लोकल पकडून मुंबईला बँकेत जातो; त्याची दोन मुले. धाकट्याचा वालीवला लहानसा गाळा आहे. त्याला एक मुलगी. नवरा गेल्यावर आत्या माहेरी परतली आहे. तिचा मुलगा आठवीत आहे. थोरल्याच्या मुलांची फी आजोबा निवृत्तिवेतनातून भरतात, कारण थोरल्याच्या पगाराचा मोठा वाटा घराच्या कर्जात जातो. आत्याच्या मुलाची फी थोरला मामा भरतो. धाकट्याची मुलगी सातवीपर्यंत कुणाच्या पैशांवर शिकली याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. चार मुले एका ताटलीतून खाऊन वाढलेली आहेत. आयकराच्या विवरणपत्रात मात्र त्यांना चार वेगळ्या जागा शोधाव्या लागतात, आणि त्यांतल्या काही जागा अस्तित्वातच नाहीत.

वजावट म्हणजे काय

आधी एक फरक स्पष्ट करायला हवा. आपल्याकडे मुलासाठी करात थेट सूट नाही. आहे ती वजावट. अमेरिकेसारख्या देशात मुलामागे ठरावीक रक्कम थेट करातून कमी होते; २०२५ सालासाठी ती मुलामागे २,२०० डॉलरपर्यंत आहे. आपल्याकडे मुलावर केलेला विशिष्ट खर्च उत्पन्नातून वजा होतो आणि उरलेल्यावर कर लागतो. म्हणून एकाच पावतीची किंमत माणसागणिक बदलते. ६० हजारांची फी ३० टक्क्यांच्या पायरीवरच्या माणसाला उपकर धरून १८,७२० रुपये वाचवून देते, २० टक्क्यांच्या पायरीवरच्याला १२,४८० रुपये, आणि ज्याला करच नाही त्याला काहीही नाही. वाडीचे उत्पन्न शेतीचे असल्याने करमुक्त असते. आजोबांचे निवृत्तिवेतनही करमर्यादेच्या आत असेल, तर त्यांना ही वजावट मिळाली असती तरी तिचा उपयोग नव्हता. एकत्र घरात खर्च करणारा एक असतो आणि कर भरणारा दुसरा, हे अगदी सर्रास घडते.

पावती कुणाला चालते

१९६१च्या आयकर कायद्यात कलम ८०-सी खाली शिक्षण शुल्काची वजावट मिळते ती फक्त व्यक्तीला, आणि तीही 'तिच्या कोणत्याही दोन मुलांसाठी'. मूल या शब्दात सावत्र आणि दत्तक मूल येते. नातू येत नाही, पुतणी येत नाही, भाचा येत नाही. भारतातल्या शाळा-महाविद्यालयातले पूर्णवेळ शिक्षण हवे, म्हणजे शिकवणी वर्गाची फी बाद. पावतीतही निव्वळ शिक्षण शुल्क धरायचे. विकास निधी, देणगी असे आकडे वगळायचे. या कलमाची वर्षाची एकूण मर्यादा दीड लाख आहे. भविष्य निर्वाह निधी, विमा आणि घरकर्जाच्या मुद्दलाची परतफेड हे सगळे त्याच दीड लाखात बसवायचे असते. ज्याचा निधीच वर्षाला दीड लाख कापला जातो, त्याने फीची पावती शोधण्यात सुट्टीचा दिवस घालवू नये.

दोनाची मर्यादा मुलांना नसून भरणाऱ्याला आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. आईबाप दोघेही करदाते असतील आणि मुले चार असतील, तर दोन आईने आणि दोन बापाने दाखवली तरी चालते. एकाच मुलाची फी दोघांनी मिळून भरली असेल, तर ज्याने जेवढी भरली तेवढी त्याने दाखवायची. एकच रुपया दोनदा दाखवता येत नाही, एवढीच अट.

या हिशेबाने आपल्या घरात काय होते? आजोबांनी भरलेली नातवंडांची फी आजोबांना दाखवता येत नाही, कारण ती त्यांची मुले नव्हेत. थोरल्यालाही दाखवता येत नाही, कारण त्याने ती भरलेली नाही. थोरल्याने भाच्यासाठी भरलेली फी मामा म्हणून त्याच्या उपयोगाची नाही. दोन मोठ्या रकमा शाळेत पोहोचल्या आणि कायद्याच्या दृष्टीने त्या कुणाच्याच नाहीत.

पहिल्या प्रश्नाला सरळ आणि वैध उत्तर आहे. बापाने मुलाला दिलेले पैसे ही नातेवाइकाची भेट ठरते आणि तिच्यावर कर नाही. आजोबांनी रक्कम थोरल्याच्या खात्यात घालावी आणि थोरल्याने आपल्या खात्यातून शाळेला द्यावी. कलम ८०-सी रक्कम 'भरली' का एवढेच विचारते. ती करपात्र उत्पन्नातूनच आली पाहिजे अशी अट त्यात आता नाही. आरोग्य विमा आणि शैक्षणिक कर्जाच्या व्याजाच्या वजावटीत मात्र ही अट आहे : पैसा करपात्र उत्पन्नातूनच जायला हवा. म्हणून फीला चालणारी वाट तिथे चालत नाही.

भाच्याच्या बाबतीत हीच वाट आत्यामार्फत जाते. भावाने बहिणीला दिलेली भेटही करमुक्त आहे. बहिणीने फी भरली तर वजावट तिला मिळेल. पण ती करपात्र कमावत नसेल तर हातात काही पडत नाही. जी विधवा आई कमावत नाही, तिच्या मुलाचा खर्च उचलणाऱ्या मामाला कायदा काहीच देत नाही. मग कुणी सुचवते, 'भाच्याची पावती आपल्याच मुलाची म्हणून लाव, कोण बघतंय?' हा सल्ला महागात पडतो. उत्पन्न चुकीचे दाखवून कर टाळला असे ठरले, तर दंड टाळलेल्या कराच्या दुप्पट होऊ शकतो.

आरोग्य विम्याची रचना आणखी वेगळी आहे. कलम ८०-डी खाली स्वतः, जोडीदार आणि अवलंबून असलेली मुले यांच्यासाठी २५ हजारांपर्यंत, आणि आईवडिलांसाठी वेगळे २५ हजार मिळतात. ते ज्येष्ठ नागरिक असतील तर ५० हजार. म्हणजे कायद्याची नजर एक पिढी वर आणि एक पिढी खाली जाते. मुलगा आईबापांचा विमा दाखवू शकतो, आजोबा नातवंडाचा दाखवू शकत नाहीत. सून सासूसासऱ्यांचा हप्ता भरत असेल तर तोही तिला दाखवता येत नाही. त्यांचे नाते तिच्या नवऱ्यापाशी थांबते. दिव्यांग आप्ताच्या सांभाळासाठी असलेल्या कलम ८०-डीडी मध्ये मात्र भाऊबहीण आहेत. तिथे कायद्याने घराचे दार थोडे जास्त उघडले आहे, पण भाचा आणि पुतण्या तिथेही उंबऱ्याबाहेरच.

आजोबांची ठेव

मुलाचा खर्च आईबापाच्या नावे, तसेच मुलाचे उत्पन्नही आईबापाच्याच नावे. वसईत जमिनीचा तुकडा विकला गेला की आजोबांना पहिली आठवण नातवंडांची होते. समजा, त्यांनी नातीच्या नावे १० लाखांची ठेव ठेवली आणि ७ टक्क्यांनी वर्षाला ७० हजार व्याज आले. कलम ६४(१ए) प्रमाणे अज्ञान मुलाचे असे उत्पन्न आईबापांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात मिळवले जाते. जुन्या व्यवस्थेत मुलामागे जेमतेम १,५०० रुपये वगळता येतात. उरलेल्या ६८,५०० वर २० टक्क्यांच्या पायरीने उपकरासह १४,२४८ रुपये कर होतो. आजोबांनी दिलेल्या मायेचा कर मुलगा भरतो. तीच ठेव आजोबांच्या स्वतःच्या नावे राहिली असती आणि वारस म्हणून नातीचे नाव लागले असते, तर त्यांच्या कमी उत्पन्नामुळे कदाचित काहीच कर लागला नसता. मूल १८ वर्षांचे झाले की ही भर थांबते. मुलाने स्वतःच्या कष्टाने किंवा कलेने मिळवलेले उत्पन्न आणि दिव्यांग मुलाचे उत्पन्न या नियमातून आधीपासूनच बाहेर आहे.

सुकन्या समृद्धी खात्यांच्या बाबतीत आजोबा-आजींना असाच धक्का बसला. २०१५च्या जानेवारीत सुरू झालेल्या या योजनेत दहा वर्षांच्या आतील मुलीचे खाते तिच्या नैसर्गिक किंवा कायदेशीर पालकाने उघडायचे असते. पुष्कळ ठिकाणी आजोबांनीच नातीचे खाते उघडले होते. २०२४च्या जुलैत अर्थ मंत्रालयाने सूचना काढली : आजीआजोबा कायदेशीर पालक नसतील, तर अशा खात्यांचे पालकत्व आईबापांकडे किंवा कायदेशीर पालकाकडे वळवावे. पैसे कुणी बुडवले नाहीत, खाती चालूच राहिली. पण पासबुकावरचे पालकाचे नाव बदलले.

शेजारच्या दोन वाड्या

आयकर कायद्याला एकत्र कुटुंब मुळीच कळत नाही असे मात्र नाही. १९२२च्या कायद्यापासून 'हिंदू अविभक्त कुटुंब' हा स्वतंत्र करदाता आहे. त्याला वेगळा पॅन मिळतो, कर्ता त्याच्या वतीने सही करतो, आणि त्याला कुठल्याही सदस्याच्या आरोग्य विम्याची वजावट घेता येते. नातू, पुतणी सारे सदस्य. शिक्षण शुल्काची वजावट मात्र या कुटुंबालाही नाही. ती केवळ व्यक्तीसाठी राखलेली आहे.

शिवाय एका चुलीवर जेवणे म्हणजे कराच्या अर्थाने अविभक्त कुटुंब नव्हे. त्याला स्वतःचे उत्पन्न हवे, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्ता किंवा कुटुंबाला मिळालेली भेट हवी. १९८६ साली चंदर सेन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, १९५६च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम ८ खाली बापाकडून मुलाला आलेली मालमत्ता त्याची वैयक्तिक असते, त्याच्या कुटुंबाची नव्हे. त्यामुळे ज्यांना आपण 'एकत्रच आहोत' असे वाटते, अशा अनेक घरांकडे कराच्या दृष्टीने अविभक्त कुटुंब नसतेच.

वसईत हा मुद्दा आणखी टोकदार होतो. इथे सामवेदी बोली ब्राह्मणांच्या घरात आहे आणि ख्रिस्ती घरांतही आहे. दोन शेजारच्या वाड्या, तीच केळी, तेच पाणी, दोन्हीकडे तीन पिढ्या. पण अविभक्त कुटुंबाची सोय हिंदू, जैन, बौद्ध आणि शीख यांनाच आहे. ख्रिस्ती कुटुंबाचा वारसा १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने चालतो, त्यात सामाईक कुटुंबाची कल्पना नाही. त्यांच्या वाडीत कितीही माणसे एका ताटावर जेवोत, कायद्याला तिथे सुट्या सुट्या व्यक्तीच दिसतात.

पोर्तुगीजांनी १५३४ ते १७३९ वसईवर राज्य केले. पण पोर्तुगालचा नागरी कायदा आला १८६७ साली, तोवर वसई त्यांच्या हातून जाऊन शतक उलटले होते. तो कायदा गोव्यात राहिला, आणि पालघरच्या उत्तरेला दमण व दादरा-नगर हवेलीतही त्याची छाया आहे. तिथे पतिपत्नींची मालमत्ता सामाईक मानली जाते, आणि आयकराचे कलम ५ए पगार सोडून बाकीचे उत्पन्न दोघांत निम्मे वाटते. म्हणजे मुलाच्या ठेवीचे व्याज कुणाच्या माथी जाईल, हे धर्मावर आणि गावावरही अवलंबून आहे.

आईबाप नसतात तेव्हा

इथवरची गोष्ट पैशांची होती. ज्या मुलाचे आईबाप हयात नाहीत त्याच्या बाबतीत ती केवळ पैशांची राहत नाही. करोनाच्या साथीनंतर अशी मुले अनेक घरांत आजीआजोबांकडे, काकामामांकडे वाढत आहेत. त्यांची फी भरणारा काका खरोखरच बापाच्या जागी असतो, पण कलम ८०-सी खाली त्याला शिक्षण शुल्क दाखवता येत नाही. न्यायालयाने त्याला कायदेशीर पालक नेमले तरीही नाही. पालक म्हणून त्याला दोन ठिकाणी मान्यता मिळते : मुलीच्या सुकन्या खात्यातल्या भरण्यासाठी, आणि तो ज्याचा पालक आहे त्या विद्यार्थ्यासाठी काढलेल्या शैक्षणिक कर्जाच्या व्याजासाठी. ही व्याजाची वजावट कमाल आठ वर्षे मिळते आणि तिला रकमेची मर्यादा नाही.

मुलाला पूर्णपणे आपले म्हणायचे तर उपाय एकच, दत्तक. २०१५च्या बाल न्याय कायद्याने आईवडिलांच्या भावाबहिणींना आणि दोन्हीकडच्या आजीआजोबांना नात्यातले मूल दत्तक घेण्याची वाट दिली, आणि ती धर्माच्या आड येत नाही. पूर्वी ख्रिस्ती कुटुंबाला १८९०च्या कायद्याखाली पालकत्वावर समाधान मानावे लागे. आता ते मूल कायद्याने त्यांचे होऊ शकते. २०२२च्या सप्टेंबरपासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. वजावटीसाठी कुणी मूल दत्तक घेणार नाही आणि घेऊही नये. पण वारसा, शाळेचा दाखला, पासपोर्ट या सगळ्यांत जी अडचण येते तिचेच एक टोक आयकरात दिसते.

मूल विचारातून गेले

एके काळी आयकर मुलांबद्दल थेट विचारत असे. १९५५च्या सुमारास विवाहित आणि अविवाहितांची करमुक्त मर्यादा वेगळी झाली. दशकाच्या उत्तरार्धात मुलेही मोजली गेली : विवाहिताला ३,००० रुपये, एक मूल असेल तर ३,३००, अधिक असतील तर ३,६००. दोनावरचे मूल तेव्हाही हिशेबात नव्हते. १९७० साली हे भेद काढून सर्वांना एकच मर्यादा लागू झाली. मागे उरले ते पगारातल्या शैक्षणिक भत्त्यावरचे मुलामागे महिना १०० रुपये आणि वसतिगृहासाठी ३००, तेही दोनच मुलांपर्यंत. शंभरात आज शाळेच्या रिक्षाचे भाडेही निघत नाही.

२०२३-२४ पासून नवी करव्यवस्था आपोआप लागू होते. तिच्यात फी नाही, आरोग्य विमा नाही, शैक्षणिक कर्जाचे व्याज नाही; दर कमी आहेत. २०२५-२६ या वर्षासाठी १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर, म्हणजे पगारदाराला प्रमाणित वजावटीसह १२ लाख ७५ हजारांपर्यंत, कर लागत नाही. उदाहरण पाहा. थोरल्याचा पगार ११ लाख असेल, तर जुन्या व्यवस्थेत प्रमाणित वजावटीचे ५० हजार, ८०-सीचे दीड लाख आणि विम्याचे २५ हजार वजा करूनही त्याला ९१,००० रुपये भरावे लागतात; नव्यात शून्य. अशा घराने पावत्यांचा प्रश्न सोडून दिला तरी चालेल. ज्यांचा पगार याहून बराच जास्त आहे आणि घरकर्जाचे व्याज, घरभाडे, विमा या वजावटी मोठ्या आहेत, त्यांनी दोन्ही हिशेब मांडून पाहावेत. नोकरदाराला दरवर्षी निवड करता येते, पण जुनी व्यवस्था हवी असेल तर विवरणपत्र मुदतीतच भरायला हवे. धाकट्यासारख्या धंदेवाल्याला वेगळा अर्ज द्यावा लागतो आणि त्याला अशी ये-जा दरवर्षी करता येत नाही. अविभक्त कुटुंबाने आणखी एक ध्यानात ठेवावे : १२ लाखांची ही माफी फक्त निवासी व्यक्तीला आहे, कुटुंबाला नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा येईल. कलमांचे क्रमांक बदलतील, मुलाकडे पाहण्याची ही रचना मात्र तीच आहे.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरात आजी नातवाला सांभाळत असेल तर तिथला कायदा वेगळा प्रश्न विचारतो : मूल वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस कुणाकडे राहिले? मुलाच्या व्याख्येत तिथे नातू, भाचा, पुतणीही बसतात. दोघांनी दावा केला तर आधी आईबापाचा हक्क. आईबापांनी दावा केला नाही आणि आजीचे उत्पन्न त्यांच्याहून जास्त असेल, तर तिला तो करता येतो. भांडण तिथेही होते, पण कायद्याला निदान घर दिसते. आपल्याकडे, जिथे एकत्र घराचा एवढा अभिमान आहे, तिथे कायद्याला आईबाप दिसतात, काही धर्मांच्या लोकांची सामाईक मालमत्ता दिसते, घर दिसत नाही. नव्या व्यवस्थेने हा पेच सोडवला नाही, प्रश्नच काढून टाकला. आता मूल आईबापाच्याही हिशेबात नाही.

म्हणून एकत्र घराने निदान एक करावे. फी ज्याच्या खात्यातून जाते त्याची नोंद ठेवावी, आजोबांनी दिलेले पैसे खात्यातून खात्यात द्यावेत, आणि भाच्यासाठी मामाने भरलेली पावतीही जपून ठेवावी. आयकरात ती चालणार नाही. पण उद्या वाडीची वाटणी निघाली आणि कुणी आत्याला विचारले, तुझ्या मुलाला कुणी शिकवले, तर उत्तर द्यायला ती पावती असेल.